डोंगराच्या खांद्यावर बंदूक

डोंगरात जाऊन फोन बंद करणाऱ्यांवर सध्या जरा जास्तच तोंडसुख घेतलं जातंय. घेणाऱ्यांत माझे मित्र आहेत, दोन-तीन नातेवाईक आहेत आणि एरवी ज्यांचं लिहिलेलं मी आवडीने वाचतो अशी माणसंही आहेत. त्यांचं म्हणणं असं. ऐन हिवाळ्यात स्पितीसारख्या ठिकाणी जायचं, बर्फाने वेढलेल्या एका घरात नुसतं बसून राहायचं, फोन बंद ठेवायचा आणि परत आल्यावर ‘जगणं कळलं’ म्हणत चारचौघांना पिडायचं, हे भरल्या पोटाचे चोचले आहेत. जिथे नेटवर्क नाही तिथल्या माणसाला त्याची झळ बसते आणि तुम्ही त्याच्या अडचणीचे गोडवे गाता. शिवाय बर्फाळ मुलखात फोन बंद ठेवणं हा शुद्ध बेजबाबदारपणा. आणि एवढी रजा, एवढा पैसा घालून गेलाच आहात तर सगळं बघून या की, खोलीत बसायला घर काय वाईट होतं?

आक्षेप घेणारी माणसं मूर्ख नाहीत. त्यांचा एक मुद्दा तर मला शंभर टक्के मान्य आहे. तो मान्य केल्यावर जे निष्कर्ष ते काढतात, ते मात्र मला अजिबात मान्य नाहीत.

मान्य असलेला मुद्दा आधी. स्पितीतल्या ग्यू या गावात मोबाइलचं नेटवर्क पहिल्यांदा पोहोचलं एप्रिल २०२४ मध्ये. तिबेटच्या सीमेलगतचं हे गाव तोवर ओळखलं जात होतं ते तिथे जपून ठेवलेल्या एका बौद्ध भिक्षूच्या शतकानुशतकं टिकलेल्या देहामुळे. नेटवर्क आल्यावर पंतप्रधानांनी गावकऱ्यांशी फोनवर गप्पा मारल्या, त्याची बातमीही झाली. त्या बातमीतला मला महत्त्वाचा वाटलेला तपशील वेगळा होता. त्याआधी फोन करायला गावकऱ्यांना आठेक किलोमीटर जावं लागत होतं. बर्फात आठ किलोमीटर म्हणजे काय, याचा अंदाज मुंबईत बसून येत नाही. बाळंतपण अडलं, कुणी छपरावरून पडलं, की आधी आठ किलोमीटर. आणि आपण तिथे जाऊन ‘अहाहा, इथे रेंजच नाही’ म्हणायचं? हे लाजिरवाणं आहे.

रेंज नसण्याची झळ बघायला हिमालयातच जायला हवं असंही नाही. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या एका मुलीने घरात रेंज मिळत नाही म्हणून डोंगरावर झोपडी बांधून घेतली आणि ऐन पावसाळ्यात तिथे बसून ऑनलाइन वर्ग केले. त्या मुलीसमोर कुणी निसर्गातल्या शांततेचा महिमा गाऊ लागला, तर त्याच्या हाती छत्री देऊन त्याला त्याच डोंगरावर पाठवावं.

तेव्हा टॉवर हवा. ग्यूमध्ये हवा, लांग्झात हवा, आपल्या भोरच्या आणि वेल्ह्याच्या कोपऱ्यातल्या वाड्यांवरही हवा. यात वादच नाही. पण टॉवर हवा म्हणून माझा फोन चालू हवा, हे कुठलं तर्कशास्त्र? पुण्यात नळाला चोवीस तास पाणी यावं अशी मागणी करणारा माणूस घरचा नळ चोवीस तास सोडून ठेवत नाही. सोय असणं ही एक गोष्ट आणि ती अखंड वापरत राहण्याची सक्ती ही दुसरी. आक्षेपकांनी या दोन्हींची मोट बांधली आहे आणि सगळा घोळ तिथेच आहे.

खरं तर मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की टॉवर आल्यानेच हा प्रश्न नीट उभा राहिला. आजवर आपण काय करत होतो? ऑफिसला सांगताना आपली भाषा ठरलेली असते: ‘सर, तिकडे नेटवर्क नसतं, त्यामुळे पाच दिवस पोहोचता येणार नाही.’ ‘मी पाच दिवस फोन घेणार नाही’ हे वाक्य आपल्या तोंडून निघत नाही. निघालं तर समोरून येणारा ‘का?’ आपल्याला पेलत नाही. मग आपण डोंगराच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. आपली नकार देण्याची हिंमत नाही म्हणून कुणाच्या तरी गावात रेंज नसावी, अशी ही छुपी प्रार्थना आहे. गावाच्या गैरसोयीचं कौतुक होतं ते नेमकं इथे, आणि ते फोन बंद करणारे करत नाहीत. ते करतात फोन बंद करायला घाबरणारे. रेंज असूनही जो फोन बंद करतो, त्याने निदान त्या गावाकडे काही मागितलेलं नसतं.

ही भीती उगाच नाही, हेही सांगायला हवं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेरच्या ईमेल-फोनबाबत कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं कायद्याने भाग आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी अशाच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते ठाऊक आहेच, १९७० नंतर त्यातलं एकही कायदा होऊ शकलेलं नाही. म्हणजे रजेवरच्या माणसाला ‘फक्त पाच मिनिटांचा कॉल’ घ्यायला लावणाऱ्या साहेबाला अडवणारं इथे काही नाही. हिंजवडीतला पोरगा असो, बँकेतली शाखाधिकारी असो की पालकांच्या ग्रुपवर रात्री अकराला उत्तर देणारी शिक्षिका असो, त्यांनी वर्षातून एकदा फोन बंद केला तर त्याला चोचले म्हणणाऱ्याने स्वतःच्या साहेबाला तसं कधी ऐकवलंय का, ते आधी सांगावं. रजेत काम न करणं हे श्रीमंतीचं लक्षण ठरावं, इतकी आपली अपेक्षा खाली आली आहे.

शांतता विकणाऱ्यांचं समर्थन मात्र मला करायचं नाही. जिथे दारात फोन जमा करून घेतात, ‘निसर्गाशी संवाद’ म्हणून सकाळी सातला घंटा वाजवतात आणि संध्याकाळी शेकोटीभोवती एक सुटाबुटातला गुरुजी श्वास कसा घ्यायचा ते शिकवतो, त्या मुक्कामांची जेवढी टिंगल कराल तेवढी थोडी. पण अशा दुकानांवरून मूळ गोष्टीलाच नावं ठेवायची तर गणपतीतल्या डीजेवरून गणपतीलाही ठेवावी लागतील.

आता नुसतं बसून राहण्यातल्या संथपणाकडे वळतो, कारण आक्षेपकांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे झालेला आहे. त्यांना वाटतं, संथ प्रवास ही एक वृत्ती आहे, कुणीतरी पुस्तकात वाचून अंगी बाणवलेली. हिवाळ्यातल्या डोंगराला तुमच्या वृत्तीशी काही घेणंदेणं नसतं. तिथला संथपणा हा व्यवहार आहे.

रस्त्याचंच बघा. मनालीहून स्पितीला जायचं तर कुंझुमची खिंड लागते, साडेचार हजार मीटरच्या वरची, आणि हिवाळाभर ती बर्फाखाली बंद असते. २०२० मध्ये रोहतांगच्या खालून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाला तेव्हा अनेकांची समजूत झाली की आता स्पिती बारमाही जवळ आलं. बोगदा लाहौलमध्ये निघतो, कुंझुम त्याच्या पुढे आहे. तेव्हा हिवाळ्यात वाट एकच: शिमला, रामपूर, किन्नौर, मग सतलजचं खोरं सोडून स्पिती नदीच्या कडेने नाको, ताबो, काझा. शिमल्यापासून चारशेहून जास्त किलोमीटर. दरड कोसळली, बर्फ पडला, की जेसीबी येईपर्यंत गाडी जागच्या जागी. ड्रायव्हर काच खाली करून पुढच्या ड्रायव्हरशी बोलतो, इंजिन बंद करतो आणि टोपी डोळ्यांवर ओढून झोपतो. मागच्या सीटवरचे आपण मात्र दर दहा मिनिटांनी ‘किती वेळ?’ विचारत असतो. डोंगर कुणाला ओळखतो, ते तेवढ्यात कळतं.

शरीराचं गणितही तसंच. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असं उंचीवरच्या वैद्यकाचे जाणकार सांगतात. काझा साडेतीन हजारांच्या वर आहे, लांग्झा काझ्याहून साडेसातशे मीटर वर. तरीही काझ्याला एक रात्र टेकून दुसरी रात्र थेट लांग्झात, असे कार्यक्रम सर्रास आखले जातात, कारण तिथल्या बुद्धमूर्तीपाशी पहाटेचा फोटो छान येतो. मग रात्रभर डोकं ठणकतं, पोटात ढवळतं आणि सकाळी माणूस म्हणतो, ‘जेवण बाधलं बहुतेक.’ जेवण बिचारं थुकपा होतं. अंगात रक्त वाढायला, श्वासाची लय बदलायला जो वेळ लागतो तो लागतो. त्याला तत्काळ कोटा नाही.

‘सगळं बघून यावं’ या आग्रहाचं मूळ मला महाबळेश्वरात सापडतं. आपण मराठी माणसं डोंगरावर जातो ती पॉइंट बघायला. सकाळी टॅक्सी ठरवायची, आर्थर सीट, केट्स, विल्सन, मग मॅप्रोत स्ट्रॉबेरी क्रीम आणि संध्याकाळी हिशेब: अकरापैकी नऊ झाले. हाच शिरस्ता आपण बरोबर बांधून स्पितीला नेला. की मठ, किब्बर, चिचमचा पूल, लांग्झा, हिक्किमचं टपाल कार्यालय, कोमिक, हे सगळं एका दिवसात. हिक्किमला गाडीतून उतरायचं, जगातल्या सगळ्यात उंच म्हणवल्या जाणाऱ्या पोस्टातून स्वतःलाच एक कार्ड टाकायचं, त्या कार्डाचा फोटो कार्ड पोहोचायच्या आत स्टेटसला लावायचा आणि निघायचं. याला बघणं म्हणत असाल तर म्हणा. महाबळेश्वरात त्याने फारसं बिघडत नाही, तिथे दर अर्ध्या तासाने मक्याचं कणीस मिळतं. चार हजार मीटरवर उणे तापमानात दिवसभर गाडीत चढउतार करणाऱ्याला संध्याकाळी आठवतं ते एकच, हीटर कुठल्या सीटखाली होता.

ज्या घरात बसण्याची एवढी चेष्टा होते ते घर कसं असतं, तेही सांगतो. जाड मातीच्या भिंती, सपाट धाबं, धाब्याच्या कडेने रचलेलं जळण आणि जनावरांचा चारा. हिवाळ्यात सगळं घर एका खोलीत येतं. मधोमध पत्र्याचा तंदूर, त्याचं धुराडं छपरातून वर गेलेलं. त्यावर किटली, शेजारी पाण्याचा डबा, कारण नळातलं पाणी पाइपातच गोठलेलं असतं आणि हंडे भरून आणलेलं पाणी स्वयंपाकघरातही कोपऱ्यात ठेवलं तर सकाळी वरून फोडावं लागतं. लाकूड महाग, म्हणून मध्ये मध्ये शेणी घालतात. शेणी घातली की आधी धूर, मग ऊब, आणि खोलीतला प्रत्येकजण न बोलता अर्धी वीत तंदूरकडे सरकतो. आम्ही राहिलो त्या घरची आजी लोकर कातत होती. तिचा नातू मोबाइलवर क्रिकेटची मॅच बघत होता, मी फोन बंद करून बसलो होतो आणि दोघांचंही कुणाला काही वाटत नव्हतं. त्याच्या गावात रेंज यायला इतकी वर्षं लागली, त्याने ती मनसोक्त वापरावी. माझी मी रोज वापरतोच.

आजीने आमच्याकडच्या हिवाळ्याची चौकशी केली. बर्फ पडत नाही म्हटल्यावर तिने हिंदीत विचारलं, ‘फिर बैठते कब हो?’ हा प्रश्न कुणा ज्ञानी म्हातारीचं बोधवचन म्हणून खपवायचा मोह होतो, पण तसं काही नव्हतं. तिच्याकडे पीक एकच, उन्हाळ्यातलं, सातू आणि मटार. ते निघालं की शेत बर्फाखाली जातं. मग कातायचं, विणायचं, सण करायचे, लग्नं जमवायची, गोठ्यातलं बघायचं. बसणं हा तिच्या वर्षाचा भाग आहे, जसा आपल्याकडच्या कोकणात पावसाळ्यात दारं ओढून घेण्याचा काळ असतो. ती आमच्याकडे शेतकऱ्याच्या नजरेने बघत होती: यांचं रान मोकळं होतं कधी? तिच्या घरी तिच्या हिवाळ्यात जाऊन मी माझी घाई चालवली असती तर ते असभ्य दिसलं असतं. एवढाच त्यातला मुद्दा.

ताबोच्या मठाचं उदाहरण याहून सरळ आहे. मठाची स्थापना इसवी सन ९९६ ची. बाहेरून बघाल तर मातीचे चौकोनी ढिगारे, कॅमेऱ्याला मोहात पाडणारं काहीच नाही. मुख्य मंदिरात फोटो काढायला बंदी आहे. आत शिरलं की पहिली दोन-तीन मिनिटं काळोखाशिवाय काही दिसत नाही. वरच्या झरोक्यातून थोडासा उजेड येतो. मग भिंतीच्या मध्यावरून एकेक मातीची मूर्ती पुढे येऊ लागते, जणू भिंतीतून बाहेर झुकलेली, आणि तिच्या खालची चित्रं, निळा रंग, गेरूचा लाल, एखाद्या आकृतीच्या वस्त्रावरची इवलीशी नक्षी. डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो. आमच्या मागून आलेला एक गट आत आला, ‘अंधार आहे यार’ म्हणाला आणि बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी किब्बरला भेटल्यावर त्यांनी सांगितलं, ताबो झालं.

किब्बरचा विषय निघालाच आहे तर हिमबिबट्याचं दोन वाक्यांत उरकतो. हिवाळ्यात भरल नावाच्या रानमेंढ्या खाली उतरतात आणि त्यांच्या मागे हिमबिबट्या. गावातली पोरं पहाटेपासून समोरच्या कड्याचा दगड नि दगड स्कोपमधून चाळत बसतात, आणि तो दिसला की पर्यटक आपला मोबाइल त्या स्कोपला लावून, दरीपलीकडे जिवंत बसलेलं जनावर पडद्यावर बघतात.

राहिला बेजबाबदारपणाचा आक्षेप. आक्षेपक इथे सगळ्यात जास्त ठामपणे बोलतात आणि माहिती सगळ्यात कमी इथेच असते. मोबाइलची लिथियम बॅटरी थंडीत मान टाकते. आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तीस टक्के दाखवणारा फोन डोळ्यांदेखत बंद पडतो. शून्याच्या खाली तो चार्ज करत राहिलं तर बॅटरी कायमची बिघडते. तेव्हा दिवसभर रील काढणाऱ्याचा फोन संध्याकाळी, नेमकी गाडी अडकते तेव्हा, मेलेला असतो. जो बंद करून आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवलेला असतो तो लागतो. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर रेंज नसतानाही तो आपण कुठे आहोत ते दाखवतो. उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेशयंत्र बरोबर न्यावं म्हणाल, तर परवान्याशिवाय ते आपल्या देशात बाळगता येत नाही, परदेशी पाहुणे त्यापायी गोव्याच्या विमानतळावरही अडकलेले आहेत. म्हणजे शेवटी भरवसा माणसांचाच. आज कुठे चाललो, कोणत्या वाटेने, अंधार पडेपर्यंत न आल्यास कुणाला सांगायचं, हे घरमालकाला आणि ड्रायव्हरला माहीत असलं पाहिजे. पुण्यातल्या शंभर जणांना स्टेटसवरून कळलं म्हणून खिंडीत कुणी दोर घेऊन येत नाही.

आणि घरच्यांची काळजी? तिचा इलाज जुनाच आहे. काझ्याला पोहोचलो की एक फोन, काझ्याहून निघालो की एक फोन. मधल्या काळात फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे निघण्यापूर्वी आईला नीट समजावून सांगायचं. त्यासाठी आधी स्वतःला ते पटलेलं असावं लागतं. बहुतेकांची गाडी तिथे अडते आणि दोष आईवर जातो.

आता रजाच आठ दिवसांची मिळते, त्याचं काय, हा प्रश्न. तो खरा आहे, हसण्यावारी नेण्याजोगा नाही. चंदीगडहून जाण्या-येण्यातच निम्मे दिवस जातात. मग उरलेल्या दिवसांत काय करावं? माझं उत्तर रोखठोक आहे: यादीवर काट मारा. चिचमचा पूल काटा, हिक्किम काटा, कोमिक काटा. वाटेत किन्नौरात कल्प्याला एक रात्र थांबा, नाकोला एक, ताबोला दोन, आणि त्रास होत नसेल तरच वर एखादं गाव, तेही एकच. पुढे रस्ता बंद झाला तर ताबोतच राहा, तिथे बघण्यासारखं भरपूर आहे. ज्यांना कुंझुम ओलांडायचाय, चंद्रताल बघायचाय, त्यांनी जून ते सप्टेंबरात जावं, त्या गोष्टी हिवाळ्यात तशाही मिळत नाहीत. आणि निघण्याआधी साहेबाला मेल टाकताना ‘तिथे नेटवर्क नसतं’ असं लिहू नका. असतं आता. ‘मी रजेवर आहे, फोन बंद राहील’ एवढंच लिहा आणि परतीची तारीख द्या.